दौलतभाऊंचा चौथा पिस्टन

ते कापड मी काढत होतो.

हे मी आजवर बायकोला सांगितलं नाही, भावाला नाही, ज्यांच्याबरोबर निम्मं आयुष्य एका बाकावर बसून भाकरी खाल्ली त्या सोबतच्या ड्रायव्हरांनाही नाही. लिहायला बसलो तेव्हासुद्धा आधी दुसरीच वाक्यं लिहिली. दौलतभाऊ कसे दिसायचे, त्यांचा मळा कुठे होता, असली. ती खोटी नव्हती, पण त्यांच्या आडोशाला मी पुन्हा लपत होतो. तो कागद फाडला आणि हे वाक्य आधी लिहिलं.

कापड कोणतं, ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत पेट्रोल रेशनवर गेलं आणि वऱ्हाडातल्या लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. लॉरीच्या बाजूला भट्टी बसवायची, तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि तो गॅस नळ्यांतून गार करत, गाळत इंजिनात सोडायचा. शेवटची गाळणी म्हणजे एका डब्यात ताणून बसवलेलं जाड कापड. राख तिथे अडायची. वाटेत थांबून ते कापड काढायचं, झटकायचं, परत बसवायचं, हे ड्रायव्हरचं काम. आणि दौलतभाऊंच्या लॉरीचा ड्रायव्हर मी होतो.

दौलतभाऊ माळी. अमरावतीबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेला लागून त्यांचा विहिरीचा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेने झेंडू, शेवंती. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती. मूल नव्हतं. लोकांनी दुसऱ्या लग्नाचं सुचवलं की म्हणायचे, "पाहू, पाहू." असं पाहता पाहता त्यांचे केस पांढरे झाले. मळ्यात एकच खोली. तिच्यासमोर लिंबाखाली बाज, आणि बाजेचं तोंड कायम रस्त्याकडे.

त्यांच्या कमरेला चांदीच्या साखळीचं चालू घड्याळ होतं. तरी रस्त्यानं कोणी चाललं असेल तर भाऊ फाटकापाशी येऊन विचारायचे, "किती वाजले जी?" तो माणूस वर उन्हाकडे बघून काहीतरी सांगायचा. मग भाऊ घड्याळ काढून त्याला दाखवायचे आणि म्हणायचे, "वा, बराबर सांगतलं तुमी. कोठचे तुमी?" इथून पुढे तो माणूस अर्धा तास तरी हलत नसे. मी नवा होतो तेव्हा मला हे येडेपण वाटलं. पुढे समजलं की एकट्या माणसाला बोलणं सुरू करायला काहीतरी निमित्त लागतं, आणि भाऊंना हे एकच जमलं होतं.

मी तेल्हाऱ्याकडचा. घरी कास्तकारी, वर दोन भाऊ. जमिनीत माझ्या हाताला काम उरलं नाही म्हणून लॉरी शिकलो. मी बोलतच नाही, हे भाऊंना पहिल्याच दिवशी समजलं. त्यांनी माझं नाव 'मुक्या' ठेवलं आणि ते शेवटपर्यंत चाललं.

लॉरी अमेरिकन, जुनी, एका जिनिंगवाल्यानं टाकून दिलेली. आठवड्यातून तीन-चारदा भाजी आणि फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात जायचं. भाऊ माझ्याशेजारी खिडकीला खेटून बसायचे आणि मधली जागा रिकामी ठेवायचे. वाटेत कोणी पायी जाताना दिसला की मला गाडी थांबवायला लावायचे.

"बसा. भाडं नको. मूर्तिजापूरपावतो बोलत चाला, म्हणजे झालं."

"काय बोलू जी?"

"काईबी. घरी कोण कोण हाय, तेथून सुरू करा."

एकदा एक पाहुणा बसल्या बसल्या झोपला. भाऊंनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग त्याचा गुडघा हलवला. "ओ पावणे, झोपाले घर नाई काय तुमाले? उठा. बहिणीच्या सासऱ्यापावतो आलो होतो आपण."

दुसऱ्या खेपेला बडनेऱ्याला नांदगाव खंडेश्वरचा एक म्हातारा चढला. चुलतभावानं त्याची गाय आपली म्हणून बांधून ठेवली होती आणि त्याच भांडणाच्या निकालासाठी तो मूर्तिजापूरला निघाला होता. गोष्ट रंगली. मूर्तिजापूर जवळ आलं तरी गाय अजून चुलतभावाच्याच गोठ्यात होती. भाऊ मला म्हणाले, "मुक्या, हयू घे राज्या गाडी." मी बैलगाडीमागे बैलगाडीच्या चालीनं लॉरी नेली. नंतर भाऊ त्याच्यासोबत खाली उतरले आणि निकाल लागेपर्यंत तिथेच बसून राहिले. अकोल्याला पोचलो तेव्हा लिलाव कधीचा संपला होता. वांगी ढोरांपुढे टाकायच्या भावात गेली.

परतताना मी फणफणत होतो, तोंड मिटून. भाऊ मात्र समाधानी होते. "पण गाय त्याले भेटली ना," म्हणाले. "आपली वांगी काय, उद्या अजून येतीन."

उशिराचा डाग मात्र माझ्यावर लागायचा. बाजारात हमाल म्हणायचे, माळीबुवाचा ड्रायव्हर म्हणजे बैलच. मूर्तिजापूरच्या चहाच्या टपरीवर एका लॉरीवाल्यानं मला युक्ती सांगितली. "कापड काढून पाह्य एकडाव. इंजिनाले मोकया श्वास भेटते. गाडी कशी पयते पाह्यजो." मी काढलं. लॉरी खरोखरच पळाली. चढावर दम टाकणारी गाडी उड्या मारत गेली. लिलावाच्या आधी बाजारात. भाऊंनी दारावर थाप मारली, "आज गाडी खुशीत हाय, मुक्या."

मला ते आवडलं. खरं सांगायचं तर फार आवडलं. मग भाऊ गोष्टींसाठी जितका उशीर करत, तितका मी कापड काढून भरून काढत असे. मळा जवळ आला की झटकायच्या निमित्तानं उतरून परत बसवायचो. ते इतकं स्वच्छ राहायचं की भाऊ माझं कौतुक करत. असं बरेच महिने चाललं.

आता मोतीराम. हा सेमाडोहचा कोरकू आदिवासी, मेळघाटातला. जंगलातला कोळसा बैलगाडीनं परतवाड्याला आणायचा. आम्ही तिथून पोती भरायचो आणि मोतीराम पोत्यांसोबत अमरावतीला यायचा, भाऊंकडे मुक्काम करायचा, पुढच्या खेपेला परत जायचा. त्याला तशी यायची काहीच गरज नव्हती. भाऊंनी बोलावलं होतं म्हणून यायचा. दोघं विहिरीच्या काठावर बसायचे. मोतीराम माझ्यापेक्षा थोडासाच जास्त बोलायचा, पण त्याचं बोलणं भाऊंना पुरायचं. भाऊ दर वेळी विचारत, "वाघ पाह्यला काय यंदा?" मोतीराम दर वेळी म्हणायचा, "वाघ मला पाहतो. मी कशाला पाहू?" आणि दोघंही जणू पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. भाऊ वर्षात ज्या एका माणसाची वाट पाहत, तो हा. बाकीचे रस्त्यानं जाता जाता मिळालेले.

एका खेपेला मूर्तिजापूरच्या अलीकडे इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला. मग धूर आला आणि गाडी थांबली. बैल लावून ती अमरावतीला करीम मिस्त्रीच्या कारखान्यात आणली. करीमनं इंजिन उघडलं. तेलात बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं आणि आमच्यापुढे धरलं. करड्या रंगाचा चिखल होता तो. तेलात कालवलेली राख म्हणजे कानसच. तिनं चारही पिस्टन आणि ते ज्यांत खालीवर होतात ती भोकं घासून खाल्ली होती. एका पिस्टनला तर उभी चीर गेली होती.

करीम म्हणाला, "भाऊ, या तो कपडा फटा होगा, या कोयले में मिट्टी होगी."

मी उभा होतो. त्या क्षणी बोललो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. माझी नोकरी गेली असती, एवढंच.

"कपडा?" भाऊ म्हणाले. "कपडा याच्या हातात हाय. हा पोरगा कपडा झटकल्याबिगर चहा नाई पीत. कोयसाच."

दुसऱ्या दिवशी ते सर्व्हिस मोटारीनं परतवाड्याला गेले. मीही बरोबर होतो. कोळशाच्या गाड्या उभ्या राहतात तिथे, बाजाराच्या गर्दीत, भाऊंनी मोतीरामला विचारलं, "माती काहून कालवली गड्या? वजन कराले?"

मोतीरामला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं गाडीतलं एक पोतं ओढलं आणि रस्त्यावर पालथं केलं. काळा, खणखणीत कोळसा. आजूबाजूचे गाडीवाले बघायला आले. तो भाऊंना म्हणाला, "दाखव माती."

भाऊंनी खाली वाकून पाहिलं नाही. "हे आजचं झालं," एवढं म्हणाले आणि वळले. मागून कोणीतरी हसलं, मोतीरामला का भाऊंना, कोण जाणे. मी मोतीरामकडे पाहिलं. तो बसून एकेक कोळसा पोत्यात परत भरत होता. त्यानंतर तो अमरावतीला आला नाही.

लॉरी करीमच्या कारखान्यात लिंबाखाली उभी राहिली. करीमनं एक गोष्ट निक्षून सांगितली होती. पिस्टन हातात आल्याशिवाय तो इंजिनाला हात लावणार नव्हता. घासलेली भोकं मोठी करायची तर नवे पिस्टनही तेवढेच मोठे हवेत. भोक आधी कापलं आणि त्या मापाचा पिस्टन मिळाला नाही, तर इंजिन भंगार. म्हणजे आधी पिस्टन, मग कापणं. माप त्यानं सांगितलं, चाळीस, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाचे चाळीस हजारांश जाड. ते पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेलं असतं.

लढाई चालू होती. परदेशी माल बंद होता, आणि आमच्या लॉरीचं मॉडेल तर तिकडेही कोणाला आठवत नसेल. भाऊंनी जुन्यातला एक पिस्टन कापडी पिशवीत घातला आणि शोधाला निघाले. सोबत फुलांचा पुडा, कारण रिकाम्या हातानं कोणाच्या दुकानात जाणं त्यांना जमत नसे. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. दुकानात आधी फुलं ठेवायची, मग पिस्टन. "असाच पायजे. पण थोडा जाड." लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजाऱ्याला विचारायचे. अकोल्याच्या बाजारात पोरं त्यांना 'पिस्टनबुवा' म्हणू लागली. भाऊंना त्याचं काही वाटलं नाही. उलट म्हणाले, "नाव तं भेटलं. आता गाव तोंडओयख झालं."

मी अकोल्यात एका बस सर्व्हिसमध्ये नोकरी धरली होती. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर हिंडायचो. लोकांना वाटायचं, काय हा इमानी ड्रायव्हर. भाऊंनाही तसंच वाटत असावं.

लढाई संपल्यावर नागपूरला मिलिटरीच्या टाकाऊ मालाचे ढीग विकायला निघाले. आम्ही दोघं गेलो. पहिल्या खेपेला चार पिस्टन मिळाले, माप चाळीस, अगदी नवे. भाऊ गाडीत ते मांडीवर घेऊन बसले. करीमनं जुना पिस्टन शेजारी ठेवला आणि आडव्या पिनेचं भोक दाखवलं. नव्याचं भोक बोटभर खाली होतं. तसा बसवला असता तर पिस्टन वर जाऊन इंजिनाच्या झाकणावर आदळला असता. ते चार पिस्टन भाऊंनी मळ्यात नेले आणि उलटे मांडून त्यांत चिमण्यांसाठी पाणी ठेवलं.

दुसऱ्या खेपेला एका फुटक्या खोक्यात बरोबर पिस्टन सापडले. सगळं बरोबर, माप, पिनेचं भोक, सगळं. पण तीनच. चौथ्याचा खड्डा रिकामा. भाऊंनी तो अख्खा ढीग दिवसभर उपसला. हात काळे, डोळ्यांत माती. परतताना ते म्हणाले, "तीन भेटले म्हणजे चौथाबी कोठीतरी बसला असन. तोही एकटा कंटाऊन राह्यला असन."

तो चौथा त्यांना गप्पांनी मिळवून दिला. अकोल्याच्या ताजनापेठेकडे एका पानवाल्याच्या ठेल्यावर भाऊ नेहमीसारखे वेळ विचारून उभे राहिले होते. बोलता बोलता लक्ष गेलं, तर उदबत्त्या ज्यात खोचल्या होत्या तो पिस्टन. उपडा करून पाहिला. डोक्यावर चाळीस. पानवाला द्यायला तयार होईना. तो आल्यापासून धंद्याला बरकत आहे म्हणे. भाऊंनी घासाघीस केली नाही. चार दिवस अकोल्यात राहिले. रोज त्याच्या ठेल्यासमोर बसायचे आणि देवाच्या तसबिरीला हार घालायचे. पाचव्या दिवशी पानवाल्यानंच पिस्टन पुसून पुढे केला. "घेऊन जा बाप्पा," म्हणाला, "पण अधूनमधून येत जा."

करीमचा हट्ट होता की चारही पिस्टन एका वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन थरथरेल. भाऊ फुलं तोलायची तागडी घेऊन आले. तिन्ही जुळले. चौथा खाली गेला. भाऊंनी दुसऱ्या पारड्यात झेंडूची फुलं टाकायला सुरुवात केली. तिसऱ्या फुलाला काटा सरळ झाला.

"तीन झेंडू जास्त हाय," भाऊ म्हणाले.

"भाऊ, मैं मिस्त्री हूँ, हार नहीं बनाता. तोले में बोलो."

"तोयाचं वजन हारपलं. तू आतून घास, मी फुलं धरून ठेवतो."

करीम पुटपुटत, हसत पिस्टनच्या आतून कानस फिरवू लागला. थोडं घासायचं, तागडीत ठेवायचं, परत घासायचं. भाऊंचा चेहरा त्या दुपारी मी पहिल्यांदाच इतका मोकळा पाहिला. त्याच मोकळेपणात ते माझ्याकडे वळले.

"मुक्या, एक सांग. भट्टी तू भरत होता, तुह्या डोयानं पाहत होता. मोतीरामनं खरंच माती कालवली असन काय? मले आता वाटते, त्याले जाऊन भेटावं. पण माह्याच तोंडानं त्याले चोर म्हटलं ना. माती नसन तं पाय धरीन त्याचे. असन तं काय म्हणून जाऊ?"

करीमची कानस थांबली होती. मला आठवतं, झेंडूची तीन फुलं पारड्यात होती आणि एका फुलावर मुंगी फिरत होती. मी तिच्याकडे पाहत होतो.

"काय माहीत, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी पारड्यातली फुलं सारखी केली. मग म्हणाले, "तुले मालूम असतं तं तू सांगतलंच असतं. जाऊ दे मंग. असनच माती."

लॉरी चालू झाली. इंजिनाला थरथर नव्हती, करीमनं बॉनेटवर पाण्याचा गिलास ठेवून दाखवला. पेट्रोल पुन्हा मिळू लागलं होतं, भट्टी काढून टाकली. पण त्या दोन-तीन वर्षांत अकोल्याच्या वाटेवर मोटारी वाढल्या होत्या. पायी जाणारी माणसं कमी झाली होती. भाऊंनी नवा ड्रायव्हर ठेवला. तो एकसारखा बोलायचा, स्वतःबद्दलच. मधल्या जागेवर आता टोपल्या असत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते परतवाड्याला. माझी बस बाजाराशेजारून निघत होती. कोळशाच्या गाड्या उभ्या राहतात तिथे भाऊंची लॉरी उभी होती. त्यांना आता कोळशाची काही गरज नव्हती, तरी ते एका गाडीपाशी उभे राहून कोळशाचा तुकडा हातात घोळवत गाडीवाल्याला काहीतरी विचारत होते. गाडीवान मोतीराम नव्हता, कोणी दुसराच होता. त्यानं मान हलवली. भाऊ पुढच्या गाडीपाशी गेले. मग त्यांना माझी बस दिसली. काळ्या हातानं त्यांनी मला थांबण्याची खूण केली. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. त्या वेळी मी मनाला सांगितलं की गाडीत माणसं आहेत, वेळेवर निघायला हवं. आरशात ते बराच वेळ हात वर धरून उभे दिसले.

त्या हिवाळ्यात ते गेले. मला उशिरा कळलं. मळ्यात गेलो तेव्हा पुतण्यानं विहिरीवर पंप बसवला होता आणि बाज उचलून आत ठेवली होती.

आज मी त्यांच्या वयाला येऊन पोचतो आहे. दौलतभाऊंना देण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही, आणि असतं तरी घ्यायला ते नाहीत. मोतीराम मात्र सेमाडोहला आहे, म्हातारा झाला आहे, बाजारच्या दिवशी मुलगा त्याला गाडीत बसवून परतवाड्याला आणतो, असं ऐकतो. त्याला जे ऐकावं लागलं ते भर बाजारात ऐकावं लागलं. तेव्हा तिथेच, कोळशाच्या गाड्यांपाशी, माणसांसमोर मला त्याला सांगायचं आहे की त्याच्या कोळशात माती नव्हती, कापड मी काढत होतो, आणि दौलतभाऊ शेवटी त्यालाच शोधत होते. हे मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.